‘बोलायचा आळस’ : एका दिवाळीपत्राचं प्रकरण

हे कुटुंब नाशिकचं. ओळख पटू नये म्हणून नात्यांचे आणि नोकऱ्यांचे काही तपशील बदलले आहेत. लिहायला आईची, वडिलांची आणि मोठ्या मुलीचीही परवानगी घेतली. मुलीने मसुदा वाचून दोन ठिकाणी पेन्सिलीने काट मारली. तो मजकूर इथे नाही.

मी कुटुंब समुपदेशक आहे. २०२३ च्या जानेवारीत हे आई-वडील माझ्याकडे आले ते मुलीसाठी. अकरा वर्षांची मुलगी दोन-अडीच महिने आईशी कामापुरतंच बोलत होती. धाकट्या मुलाचा विषय त्यांनी उठता उठता काढला. पुढे लक्षात आलं की दोन्ही गोष्टी एकाच कागदावरून सुरू झाल्या होत्या.

पार्श्वभूमी

मुलांचे आजोबा शाळामास्तर होते. दिवाळी आली की ते आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि सगळ्या नातेवाइकांना वर्षभराची हालहवाल कळवायचे. कोणाची बदली झाली, विहिरीला पाणी किती लागलं, कोणाला मुलगा झाला. ते २०१० साली गेले. पुढच्या वर्षी घरात नात जन्मली आणि सुनेने सासऱ्यांची ही रीत आपणहून उचलली. ‘स. न. वि. वि.’ने सुरुवात, ‘थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद’ने शेवट. पहिली काही पत्रं झेरॉक्स काढून पोस्टाने गेली, नंतरची व्हॉट्सअ‍ॅपवर. पुणे, ठाणे, सिन्नर आणि अमेरिकेतला एक दीर धरून चाळीसेक घरं ही पत्रं वाचायची.

या पत्रांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. २०११ ते २०२२ ची बारा पत्रं मी एका बैठकीत वाचली. कोणी न सांगता एका घराचा इतका नेटका इतिहास लिहून ठेवणं सोपं नाही. पण सासऱ्यांच्या पत्रात बातम्या माणसांच्या असायच्या, सुनेच्या पत्रात हळूहळू मुलांची प्रगती मुख्य झाली. २०१२ च्या पत्रात लेक ‘अकराव्या महिन्यात चालायला लागली, आता “आजी, इकडे ये” असं स्पष्ट म्हणते’. २०१४ ला तिला शंभरपर्यंत अंक येतात. २०१६ ला पहिलं बक्षीस. घरात हेच माप ठरून गेलं.

वास्तविक अकराव्या महिन्यात चालण्याला फार अर्थ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली निरोगी बाळं पाहिली होती. त्यांतली जवळजवळ सगळी ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालायला लागली. शंभरातली चारेक तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच पुढे उभी राहिली. म्हणजे नववा महिना काय, सोळावा काय, दोन्ही ठीक. पण हा पट्टा कुठेतरी संपतो. त्या टोकापलीकडे ‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ हे वाक्य पुरत नाही. पहिल्या मुलीच्या वेळी या टोकाशी जायची पाळीच आली नव्हती, त्यामुळे आईला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

धाकटा २०२० च्या ऑगस्टमधला. टाळेबंदीचे दिवस, मास्क लावलेले चेहरे, घरी कोणाचं येणं-जाणं नाही. तो उशिरा बोलेल हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. ‘लॉकडाऊनची मुलं अशीच’ हे तेव्हा घराघरांत ऐकू यायचं. शिवाय आजी सांगायच्या की मुलांचे आजोबाही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले आणि पुढे मास्तर झाले. सुनेला धीर यावा म्हणूनच त्या हे सांगायच्या, एरवी त्यात काही वावगं नव्हतं.

अडचण

आई पत्राचा कच्चा खर्डा वहीत लिहिते. २०२२ चा खर्डा तिने मला दाखवला. धाकट्याच्या परिच्छेदात आधी असं होतं : ‘अजून आई-बाबा म्हणत नाही. काळजी वाटते.’ त्यावर आडवी रेघ. इतकी दाबून मारलेली की मागच्या पानावर वळ उमटलाय. खाली नवं वाक्य : ‘चिरंजीव भारी खोडकर. सगळं समजतं, फक्त बोलायचा आळस!’

चाळीस घरांना हेच वाक्य गेलं. तेव्हा मुलगा सव्वादोन वर्षांचा होता. ‘दे’, ‘भू’ आणि कशालाही ‘आ’, एवढंच बोलायचा. या वयाला मुलं दोन शब्द जोडू लागतात, ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुधारलेल्या तक्त्यातही दोन वर्षांना दोन शब्दांची जोडी आणि अडीच वर्षांना पन्नासेक शब्द अशी अपेक्षा आहे. तिथवर चारातली तीन मुलं पोचतात. न पोचणारं प्रत्येक मूल आजारी नसतं, पण त्याला तपासून घ्यायला हवं.

त्याच पत्रात मुलीबद्दलचा परिच्छेद होता. तिला त्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा पाळी आली होती. आईने लिहिलं, ‘आमची ताई यंदा शहाणी झाली.’ लिहिताना तिला अभिमानच वाटत होता. तिच्या माहेरी ही आनंदाची गोष्ट मानतात, ओटी भरतात. भाऊबीजेला ठाण्याला आत्याकडे सगळी भावंडं जमलेली असताना कोणीतरी त्यावरून बोललं. कोण, काय, ते मुलीने इथे लिहू दिलेलं नाही. घरी परतल्यावर तिने घरच्या फोटोंत उभं राहणं बंद केलं आणि आईशी बोलणंही.

पहिल्या भेटीत ती अर्धा तास गप्प होती. मग एवढंच म्हणाली, ‘माझं सगळ्यांना सांगितलं. दादूचं मात्र खोटं सांगितलं.’ दादू म्हणजे धाकटा.

तिच्या या वाक्याने मला प्रकरणाचा पेच एकदम दिसला. डॉक्टरांना सांगायची गोष्ट पत्रात गोड करून टाकली होती आणि जी गोष्ट त्या मुलीची एकटीची होती, ती चाळीस घरी गेली होती.

कलाटणी : सिन्नरहून आलेला फोन

पत्र पोचल्यावर चौथ्या दिवशी सिन्नरच्या चुलत सासूबाईंचा फोन आला. त्या निवृत्त अंगणवाडी सेविका. शेवटच्या काही वर्षांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं त्यांच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायची. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार यांच्याबरोबर विकासातली दिरंगाईही त्यात पाहतात. पथकाबरोबर उभं राहून काकूंनी कित्येक मुलांची तपासणी पाहिली होती. आईला आठवतं तसं त्यांचं बोलणं असं :

‘अगं, आळस म्हणजे काय करतो नक्की? काही हवं असलं तर मागतो कसा?’

‘हात धरून नेतो, काकू. बोट दाखवतो.’

‘बोट दाखवतो ना, छान. बरं, पाठमोरा बसलेला असताना हळू हाक मारलीस, तर वळतो?’

‘कुकरची शिट्टी झाली की धावत येतो की!’

‘कुकर नको. तू हाक मार. हळू.’

त्या संध्याकाळी मुलगा फरशीवर गाड्या लावत बसला होता. आई त्याच्यामागे तीन-चार हातांवर उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘चिक्की हवी?’ चिक्की हा त्याचा जीव की प्राण. तो हलला नाही. तिने तीनदा विचारलं. मग समोर जाऊन त्याच आवाजात विचारलं, तर तो तिच्या ओठांकडे बघत लगेच उठला.

त्याच वेळी वडिलांच्या तोंडून निघालं की टीव्हीचा आवाज तो सारखा वाढवतो, हे त्यांना महिन्याभरापासून दिसत होतं. ते बोलले नव्हते. पत्रात सगळं छान लिहून गेलं होतं, मध्ये कशाला शंका काढायची, असं त्यांना वाटलं.

समोर काय काय पर्याय होते

तीन वर्षांचा होईपर्यंत थांबायचं, असं आजी आणि बहुतेक नातेवाइकांचं म्हणणं. यात पुष्कळदा सगळं आपोआप ठीक होतंही, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण ऐकू येत नसेल तर ते नऊ महिने भाषा शिकण्याच्या नेमक्या वयातले जातात.

बालवाडीत घालायचं. चार मुलांत गेला की बोलेल, असं शेजारणीने सुचवलं होतं. ज्याला घरातल्या शांततेत हाक ऐकू येत नाही, त्याला वीस मुलांच्या गोंगाटात काय ऐकू येणार?

थेट कानाची तपासणी करायची. याला आईचाच विरोध होता आणि तिचं कारणही साधार होतं : जन्मल्यावर रुग्णालयात त्याचे कान तपासले होते आणि तो अहवाल व्यवस्थित होता. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण हा गैरसमज मी अनेक घरांत पाहते. ती तपासणी त्या दिवसापुरती असते. पुढे सर्दी-पडसं, वाढलेले अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) यांमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं. ते साचलं की सहसा कान दुखत नाही, फुटत नाही, ताप येत नाही. मुलाला बोटं कानात घातल्यासारखं ऐकू येतं. कुकरची शिट्टी कळते, ‘चिक्की’ कळत नाही. या मुलाचं नाक बारा महिने वाहायचं, रात्री तो तोंड उघडं ठेवून घोरायचा. दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत होत्या, पण बोलण्याशी त्यांचा संबंध कोणी जोडला नव्हता.

मुलीच्या बाबतीत आईपुढे तीन वाटा होत्या. ग्रुपवर सगळ्यांची माफी मागायची, पत्र लिहिणं कायमचं बंद करायचं, किंवा मुलीशी बोलायचं. पहिलीने तीच गोष्ट पुन्हा चाळीस घरांत वाजली असती. दुसरी तिला फार पटली होती. ‘लिहिलंच नाही तर चुकणारही नाही,’ असं ती म्हणायची.

कायद्याचा आधार घेता येतो का, असं वडिलांनी एकदा विचारलं, म्हणून सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा घरगुती आणि खाजगी कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. आईने नातेवाइकांना काय लिहावं यात तो पडणार नाही. हे घरातच ठरवायला लागतं.

काय केलं

नोव्हेंबर २०२२ मध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या तपासणीत, दोन्ही कानांची रेषा सपाट आली, म्हणजे पडदा हलत नव्हता, मागे पाणी होतं. डॉक्टरांनी तीन महिने वाट पाहायला सांगितलं, कारण बऱ्याच मुलांत ते आपोआप ओसरतं. त्या तीन महिन्यांत काय करायचं तेही सांगितलं : समोर बसून, चेहरा दिसेल असं बोला, टीव्ही बंद ठेवा, हाक मारण्याआधी खांद्याला हात लावा. जानेवारीपासून वाचा-उपचार सुरू झाले. आजी रोज दुपारी त्याला मांडीवर समोरासमोर बसवून ‘अडगुलं मडगुलं’ म्हणायच्या, ओठ मोठे करून. तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणणाऱ्या आजींनी यात एक दिवस चुकवला नाही.

फेब्रुवारीत पाणी तसंच होतं आणि अ‍ॅडेनॉइड वाढलेले होते. मार्च २०२३ मध्ये ते काढून दोन्ही कानांत ग्रोमेट बसवले. ग्रोमेट म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान नळी. पडद्याला तिने वाट करून दिली की मागे हवा खेळते.

मुलीच्या बाबतीत पहिली चूक माझीच झाली. दुसऱ्याच भेटीत मी आईला म्हटलं, ‘तिची माफी मागा.’ तिने मागितली आणि ढसाढसा रडली. शेवटी मुलगीच उठली आणि आईला पाणी देऊन तिची पाठ थोपटत राहिली. माफी मागणारीला माफी मिळाली, पण जिचं दुखलं होतं तिला आणखी एक काम लागलं. त्यानंतर ती दोन भेटींना आली नाही. दोघींना एकत्र बसवण्याआधी मी आईचं रडणं वेगळ्या भेटीत ऐकून घ्यायला हवं होतं.

वाट वडिलांनी काढली. एका रविवारी त्यांनी बारा पत्रांची फाईल मुलीपुढे ठेवली, शिसपेन्सिल दिली आणि सांगितलं की जे नको वाटतं त्यावर खूण कर. ती तीन तास वाचत होती. तिच्याबद्दलच्या नऊ जागांवर ती थांबली. पाच खोडल्या : पाचव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं व्हायचं ती, डोक्यात उवा झाल्या ती, गणितात कमी गुण पडले ती, पाळीची, आणि एक जी मी सांगणार नाही. चार ठेवल्या. त्यांतल्या एकीला समासात बरोबरची खूण केली होती. २०१८ चं वाक्य होतं ते : ‘अंधाराला घाबरते, पण आजीला रात्री उठायचं असलं की बॅटरी घेऊन पुढे हीच असते.’

आईने ती फाईल पाहिली आणि मला म्हणाली, ‘मला वाटायचं तिला बक्षिसांचंच आवडत असेल.’ बक्षिसांची एकही जागा तिने खोडली नव्हती, पण खूणही केली नव्हती.

पुढच्या पत्रासाठी मग घरात ठरलं. शरीर, आजारपण, गुण पत्रात नाहीत. मुलगी स्वतःबद्दल स्वतः लिहील किंवा लिहिणार नाही. धाकट्यासाठी एक वेगळी वही, महिन्याला एक पान. त्यात प्रगती लिहायची नाही, दिसलं ते लिहायचं : काय म्हणाला, कोणाला, कसं. ती वही डॉक्टरांकडे जाईल, नातेवाइकांकडे नाही.

काय झालं

नळ्या बसवल्यानंतर तिसऱ्या दिवशी मुलगा फ्रिजजवळ जाऊन उभा राहिला आणि रडायला लागला. त्याची घरघर त्याला पहिल्यांदाच नीट ऐकू येत असावी. वहीत तशी नोंद आहे. मे महिन्यात ‘आई’ आलं, जूनमध्ये ‘ताई ये’. वाचा-उपचार अजून चालू आहेत. मुलांच्या घोळक्यात तो अजूनही गप्प होतो, आणि पडद्यामागे पुन्हा पाणी साचू शकतं म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी करावी लागते. प्रकरण पूर्ण मिटलेलं नाही.

मुलगी आईशी बोलते, पण पूर्वीसारखं सगळं सांगत नाही. तिच्या वयाला ते साहजिक असेल किंवा त्या भाऊबीजेचा परिणाम असेल. आई हे वेगळं करून पाहण्याच्या फंदात पडत नाही, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

मार्च २०२२ मध्ये, एकोणीस महिन्यांचा असताना, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर द्यायला गेले होते. तिथे डॉक्टरांनी विचारलं, किती शब्द येतात? आई म्हणाली, दहा-बारा. नंतर आम्ही ते दहा-बारा कागदावर मांडून पाहिले. ‘टाटा’ तो हाताने करायचा. ‘म्याऊ’ आजी म्हणायची, तो हसायचा. खरे शब्द तीन निघाले. ती खोटं बोलली नव्हती, पत्रात लिहायच्या सवयीने मोजत होती. जाण्याआधी आठवडाभर चिठ्ठीवर शब्द टिपले असते तर आठ महिने वाचले असते.

वडिलांनी टीव्हीचं बोलायला हवं होतं. पत्र एकटीने लिहिलं की घरातल्या बाकीच्यांचं पाहणं वाया जातं.

आणि एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पत्र पाठवलंच नसतं, तर मुलीचं मन दुखावलं नसतं. पण मग सिन्नरहून फोनही आला नसता. ‘बोलायचा आळस’ हे वाक्य खरं नव्हतं, तरी ते एका जाणत्या बाईच्या डोळ्यांखालून गेलं म्हणून मुलाचे कान तपासले गेले. खोडलेलं वाक्य, ‘काळजी वाटते’, चाळीस घरांना न पाठवता काकूंना, आत्याला, दोन-चार जणांना फोनवर सांगितलं असतं, तर बहुधा दोन्ही साधलं असतं. पण ज्याच्याकडे काकू नाहीत, त्याने कोणाला सांगायचं? अशा घरांना मी आता जवळच्या अंगणवाडीत जायला सांगते, मूल तिथे नावनोंद असो वा नसो.

२०२३ चं पत्र

पत्र गेलं. दीड पानाचं, आजवरचं सगळ्यांत छोटं. त्यात आजीच्या गुडघ्याबद्दल काही नाही, कारण त्यांनी नको म्हटलं. अंगणातल्या पेरूला पहिल्यांदा फळ धरलं, ते आहे. वडिलांनी प्रथमच चार ओळी लिहिल्या आहेत.

धाकट्याबद्दल आईने लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ लिहिली : ‘पणत्या लावताना याने हात पुढे केला आणि म्हणाला, “ताई, मला दे.” ताईने दिली.’

त्याखाली मुलीच्या अक्षरात : ‘मी सातवीत आहे. बाकी भेटल्यावर.’